गोधडीतली गाडी

ये, बस जवळ. कागदावरच बसायचंय, त्याला तिकीट लागत नाय. आधी थोडं ओरडून घेते, मग सांगते. सख्खी मावशी मी तुझी, आणि तू गेल्या वर्षी चैत्रात येऊन गेलीस ती अजून फिरकली नाहीस. फोन केला की म्हणतेस, पुढच्या महिन्यात नक्की. तुझा पुढचा महिना कोणत्या पंचांगात असतो गं? पुण्याच्या त्या गर्दीत गाडी चालवायला शिकलीस, तुझ्या आईनं कौतुकानं सांगितलं मला. पण त्या गाडीचं तोंड काही इकडं वळत नाय. आणि परवा मी सांगायला लागले तर म्हणालीस, गाडी धुवायला आठ दिवस? काहीतरीच मावशी. अन् ठेवलास फोन, मीटिंग होती म्हणून. तेव्हा आता लिहूनच काढते. कागदाला मीटिंग नसते.

गाडी आपली नव्हती, हे आधी ध्यानात घे. आपल्या घरात तेव्हा सायकलीच्या वर काही आलं नव्हतं. गाडी आपाची. आम्ही हर्सूलला घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं, तलावावरून येणारं वारं, आणि शेजारी एकच घर, तिचं. मधल्या भिंतीची एक वीट मुद्दाम काढून ठेवलेली होती, वाट्या इकडून तिकडं द्यायला. इकडून पुरणपोळी जायची, तिकडून शीरखुर्मा यायचा. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणायची. ती मला बाई म्हणायची, अजून तेच म्हणते. तिचे मालक उर्दू शाळेत गणित शिकवायचे. त्यांना सगळी आळी मास्तर म्हणायची, आम्हीही.

मास्तरांनी रिटायर व्हायच्या आधी गाडी घेतली. जुनीच घेतली, बदामी रंगाची, चार दारांची, पुढं लांब नाकाची. दर गुरुवारी आपाला घेऊन खुलताबादला जायचे, दर्ग्यावर. मागं जागा असायची, म्हणून मी पण जायची. मी आपली डोंगराची हवा खायला आणि येताना पेरू घ्यायला. मास्तर गाडीत बसायच्या आधी कानातला जुना, अत्तरात बुडवलेला कापसाचा फाया काढायचे, नवा घालायचे, आणि मगच किल्ली फिरवायचे. खसचं अत्तर. दार उघडलं की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारल्यासारखा गार वास यायचा. माझं लुगडं दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच राहायचं, मग तुझे काका म्हणायचे, आज कुणाचं लगीन लावून आलीस?

तुझे काका गेले, मग पाच-सहा वर्षांनी मास्तर गेले. आपाचा मुलगा नागपूरला. तो म्हणाला, अम्मी, एकटी राहायचं नाय. घर भाड्यानं दिलं, सामान बांधलं. गाडी तेवढी ढकलत आमच्या अंगणात आणून कडुलिंबाखाली उभी केली. निघायच्या दिवशी आपानं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटून धरली. म्हणाली, "बाई, ही माझी अमानत. धूळ बसू देऊ नको. आणि दार उघडू नको, काच उघडू नको. आत त्यांचा वास आहे. तेवढाच राहिला."

मी किल्ली कनवटीला लावली. मला ते माहीत होतं. तुझे काका गेले तेव्हा दहाव्याच्या आतच कुणी भल्या बाईनं त्यांचे सगळे सदरे धुऊन वाळत घातले. चांगल्या मनानंच केलं तिनं. मी एकेक सदरा दोरीवरून काढून हुंगला. सगळ्यांना साबणाचा वास. म्हणून मी आपाच्या समोर मनात म्हणलं, हिच्या बाबतीत हे होऊ देणार नाय. जीव गेला तरी दार उघडणार नाय.

आता माझी अक्कल ऐक. मी कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक. जपून ठेवायचं म्हणजे काय, तर ज्वारी ठेवायची तसं, एवढंच मला माहीत. ऊन लागू नये, किडा लागू नये, तोंड बंद. तर मी त्या गाडीला गोधडी शिवली. हसू नको. वितीनं माप घेतलं, नाकापासून शेपटीपर्यंत. माझी जुनी लुगडी, सासूबाईंची दोन इरकली, चादरी, सगळं थरावर थर घालून तीन महिने शिवत बसले. येणारे-जाणारे विचारायचे, एवढी मोठी कुणाला? मी म्हणायची, पाहुणीला. गाडीवर आधी लिंबाचा पाला पसरला, कणगीत घालतात तसा. त्यावर गोधडी. त्यावर ताडपत्री. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून चारी चाकांना लटकवल्या. दोरीनं आवळून टाकलं. लांबून बघितलं तर कुणीतरी मोठं माणूस आजारी पडून झोपल्यासारखं दिसायचं. मला मात्र लई अभिमान.

दर शुक्रवारी दुपारी आपाचा फोन यायचा. सगळ्यांची विचारपूस झाली की शेवटी हळूच, "गाडी बरी आहे ना?" मी म्हणायची, झकास आहे, गोधडीत झोपलीय. पहिल्या वर्षी खरंच कोपरा उचलून बघायची. मग गुडघे दुखायला लागले, दोरीच्या गाठी कडक झाल्या, मी बघणं सोडलं. फोनवर झकास म्हणणं काही सोडलं नाय. असे चार पावसाळे गेले.

गेल्या दिवाळीनंतरचा शुक्रवार. आपा म्हणाली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसतं. भाडेकरू घर सोडतोय. पुढच्या रविवारी येते, कायमची. मी आनंदानं ओरडलेच. फोन ठेवला, हसत अंगणात गेले, आणि पहिल्यांदा त्या ताडपत्रीकडं नीट बघितलं. तिच्यावर गवत उगवलं होतं.

सुनेला हाक मारली. ती बालवाडीत शिकवते, सुट्टी होती म्हणून घरात. तिनं विळ्यानं दोरी कापली, आम्ही दोघींनी ताडपत्री ओढली. गोधडी खाली आलीच नाय. ती गाडीला चिकटली होती. खालचा पाला कुजून काळा चिखल झालेला, आणि तो वास... गोठ्यातला बरा. गोधडी सोलून काढावी लागली गं, जखमेची पट्टी काढतात तशी. बदामी रंग कुठं पांढरा पडलेला, कुठं फोड आलेले. आणि टपावर, नाकावर, सगळीकडं माझे टाके. धावदोऱ्याच्या सरळ ओळी, एका खाली एक, रंगात उमटलेल्या. मी तीन महिने बसून शिवलं होतं ते सगळं आपाच्या गाडीवर उतरलं होतं.

काचेतून आत बघितलं तर आत पांढरं-पांढरं. स्टिअरिंगला बुरशीची लोकर. छताचं कापड लोंबत होतं. मागची सीट फाडून उंदरांनी संसार मांडलेला. दार बंद ठेवलं म्हणून मी निवांत होते; उंदीर खालून, पायाजवळच्या भोकांतून आत गेले होते. त्यांना कुणी अमानत सांगितली नव्हती.

मी तिथंच जोत्यावर बसले. सून म्हणाली, आई, पाणी आणू का? मी म्हणलं, पाणी नको. नऊ दिवसांनी ती येणार, आणि मी तिला तीन वर्षं खोटं बोलले. आता दार उघडून धुतली तर वास गेला, नाय धुतली तर हे असं दाखवायचं. सांग कोणतं तोंड दाखवू.

सून माझ्या शेजारी जोत्यावर टेकली. मग म्हणाली, "आई, आत्ता आत जो वास आहे तो मास्तरांचा नाही, उंदरांचा आहे. त्याला कशाला जपताय?"

कटू होतं, पण खरं होतं. त्या एका वाक्यावर मी उठले.

मुलानं संध्याकाळी खुलताबाद रोडवरचा एक म्हातारा मिस्त्री शोधून काढला. आयुष्यभर गाड्यांच्या सीटा आणि छतं शिवलेला माणूस, गाडी साफ करायलाही पक्का. सकाळी आला. गाडीला एक चक्कर मारली, तंबाखू मळली आणि मला विचारलं, "किसने की ये हालत?" मी म्हणलं, मीच. तो म्हणाला, "दुश्मनी थी क्या?" मी म्हणलं, नाय बाबा, माया होती. मग हसला आणि बाह्या वर केल्या.

त्यानं एक नियम सांगितला, तो तू पण लिहून ठेव. आधी आत, मग बाहेर. आधी कोरडं, मग ओलं. आणि वरून खाली. आपण घर झाडतो तेच की. पण उंदराची घाण कोरडी झाडायची नाय, आजार होतो. तिच्यावर आधी फिनेलचं पाणी शिंपडायचं, अर्धा तास थांबायचं, तोंडाला फडकं बांधून, हातात पिशव्या घालून उचलायची. मग चारी दारं उघडली. मी तेव्हा डोळे मिटून घेतले, कारण मला वाटलं काहीतरी निघून जाईल. काही नाय, एक पाल तेवढी गेली.

सीटांचे बोल्ट गंजले होते. रॉकेल घालून रात्रभर ठेवले, दुसऱ्या दिवशी कुरकुरत निघाले. सीटा अंगणात उन्हात उभ्या केल्या, पाहुणे बसल्यासारख्या. खालची चटई काढली तर तिच्याखाली एक पेरूचं बी, दोन हेअरपिना आणि माझी हरवलेली जपमाळ. म्हणजे ती जपमाळ चोरली म्हणून मी ज्या बाईवर दहा वर्षं मनात राग धरला होता, तिची मनातच माफी मागितली.

मिस्त्रीनं छताचं सगळं कापड काढून टाकलं आणि नवं आणायला गेला. रेक्झिनच्या सीटा धुवायचं काम माझ्याकडं. बाजारातला साबण मी आणू दिला नाय. रिठे उकळले. रिठ्यानं रेशीम धुतात, ते रेक्झिनला काय दुखावणार? जुने दातांचे ब्रश घेऊन मी पाटावर बसले आणि एकेक शिवण घासली. बुरशी काळ्या पाण्यासारखी ओघळली आणि खालून मूळचा तपकिरी रंग वर आला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, होईल. कदाचित होईल.

मधे एकदा मी पुढच्या चकाकत्या बंपरला चिंच लावायला निघाले होते. मिस्त्री लांबूनच ओरडला, "बाई, वो घागर नही है!" त्यानं बारीक तारेच्या घासणीला तेल लावून हळूहळू गंज काढला. मी चिंच परत डब्यात ठेवली. सुनेनं त्या दिवशी तिची आमटी केली.

तिसऱ्या दिवसाचं सांगते आता. हे लक्ष देऊन वाच.

मी चुलीवर रिठ्याचं पातेलं बघत होते. सून एकटीच गाडीत, स्टिअरिंगजवळची पुढची पाटी, डॅशबोर्ड म्हणतात ती, साफ करत होती. घाण पोत्यात भरायची, पोतं फाटकाशी ठेवायचं, सकाळी घंटागाडी आली की न्यायची, असं चाललं होतं. चहाला बसलो तेव्हा ती सहज म्हणाली, "आई, उंदीर पण कमालच. ती सिगारेटची राख टाकायची डबी असते ना पाटीत, ती ओढून बघितली. त्या बंद डबीत पण कापूस भरून ठेवला होता."

मी कप खाली ठेवला. मास्तर सिगारेट कधी ओढायचे नाहीत. आणि ती लोखंडी डबी, माणसाच्या हातानं ओढल्याशिवाय उघडत नाय. उंदराला ती कशी उघडणार?

मी विचारलं, कुठं टाकलास तो कापूस?

पोत्यात.

आणि पोतं?

तेवढ्यात वळणावर घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी नुसती हात हलवत राहिले, आणि सून अनवाणी धावली. तिनं पोतं धरलं तेव्हा त्या गाडीवरच्या बाईनं ते अर्धं उचललेलं होतं. बाई म्हणाली, सोनं गेलं का काय आत? सून म्हणाली, नाय, कापूस. ती बाई पोतं सोडून आमच्याकडं बघतच राहिली. अजून रोज विचारते, सापडला का तुमचा कापूस.

मग आम्ही दोघी सासू-सुना अंगणात जुनी चादर पसरून बसलो आणि ते पोतं उलटं केलं. उंदरांनी सीटेतला फोम आणि कापूस कुरतडून ढीग केलेला, त्यात मास्तरांचे हे फाये कुठं गेले? हुंगायचं ठरवलं. पण फिनेल आणि डांबराच्या गोळ्यांनी नाकं मेलेली. सगळ्याला एकच वास. तेव्हा मला आपाची गोष्ट आठवली. अत्तरवाल्याकडं एकामागून एक वास घेताना नाक थकतं, मग आपलीच बाही हुंगायची, म्हणजे नाक परत जागं होतं. तिनंच मला खुलताबादला शिकवलं होतं. मी पदर हुंगला, सुनेनं ओढणी हुंगली, आणि परत सुरू. रस्त्यानं जाणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

पहिला सुनेलाच सापडला. उंदराचा कापूस पिंजलेला, मऊ. हा मात्र पिळून-पिळून घट्ट केलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळा पडलेला. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. मी मूठ मिटली, ऊब दिली, आणि उघडून नाकाशी नेली. लई लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, पण होता. वाळा. गुरुवारची सकाळ.

मी सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि ती म्हणत होती, आई, सावकाश, उडून जाईल तो. नऊ सापडले. अजून असतील, पण नऊ पुरे. ती डबी स्वच्छ पुसली, कोरडी केली, फाये तिच्यात ठेवले आणि डबी परत पाटीत बसवली. मिस्त्रीला ताकीद दिली, गाडीचा कोणताही भाग धुवा, या डबीला पाणी लावायचं नाय. तो म्हणाला, तिजोरी है क्या? मी म्हणलं, हो, तसंच समजा.

त्यानंतर माझ्या हातात बळ आलं. खाली पत्र्यावर खायचा सोडा पसरून एक दिवस ठेवला, तो सगळा वास शोषून घेतो. काचा ओल्या वर्तमानपत्रानं पुसल्या. बाहेरचं काम मिस्त्रीचं. त्यानं आधी नुसतं पाणी, भरपूर पाणी. कोरडी गाडी पुसायची नाय म्हणतो, धुळीच्या कणांनी ओरखडे पडतात. मग साबण. मग एक चिकट गोळा, मळलेल्या कणकेसारखा, तो ओल्या रंगावरून फिरवायचा, की लिंबाचा डिंक आणि बारीक घाण त्यात चिकटून येते. तेवढं मी केलं. कणीक मळायची सवय असलेल्या बाईला त्यात काय अवघड? मिस्त्री म्हणाला, तुमचा हात हलका आहे. आठ दिवसांत त्याचं हे एकच कौतुक, मी जपून ठेवलंय.

मग रबिंग, म्हणजे लेप लावून रंग घासत बसायचं, दोन दिवस. मग पॉलिश. रंग परत बदामी झाला, अगदी भिजवून सोललेल्या बदामासारखा नसला तरी बदामाच्या टरफलासारखा. फोड आले होते तिथं त्यानं डाग बुजवले, छत नवं शिवलं, मागची फाटकी सीट सांधली. त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकनं येऊन उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, चाकं बदलली, बॅटरी घातली. शनिवारी दुपारी किल्ली फिरवली तर तीनदा खोकली आणि चालू झाली. लिंबावरचे सगळे कावळे उडाले.

एकच राहिलं. तिरप्या उन्हात बघितलं की टपावर आणि नाकावर माझे टाके अजून दिसत. मिस्त्री म्हणाला, हे घालवायचे तर सगळा रंग काढून नवा मारावा लागेल, उद्यापर्यंत होणार नाय. मी म्हणलं, राहू द्या. पण मनात काय होतं ते तुला खरं सांगते. मनात होतं की गाडी अशी उभी करू, की ऊन समोरून पडेल, टाके दिसणार नाहीत, आणि आपाला काही सांगायची गरजच पडणार नाय. सत्तरी ओलांडलेल्या बाईचे विचार बघ.

रविवारी दहाच्या सुमारास आपा आली. अंगानं बारीक झालेली, नवा चष्मा, हातात तीच जुनी पिशवी. घराकडं गेलीच नाय, सरळ अंगणात. मी पुढं झाले, गळ्यात पडलो, एकमेकींचे हात चाचपले. मग ती गाडीकडं वळली. समोर उभी राहिली नाय, बाजूनं गेली. ऊन तिरपं. तिनं नाकावर हात ठेवला आणि बोटं एका ओळीवरून सरळ पुढं नेली.

"बाई, हे शिवलेलं कसं दिसतंय?"

मग मला थांबताच आलं नाय. गोधडी, पाला, ताडपत्री, गोळ्या, उंदीर, गवत, सगळं एका दमात सांगितलं. म्हणलं, आपा, दर शुक्रवारी मी तुम्हाला झकास म्हणायची, आणि तीन वर्षं मी गोधडी उचलूनही बघितली नव्हती. तुम्ही दार उघडू नको म्हणाला होतात, आणि मी सगळी दारं उघडली, सीटा काढल्या, रिठ्यानं धुतल्या. तुमची अमानत मी धुऊन टाकली.

आपाची बोटं त्या ओळीवरच होती. सून दारात उभी. मग आपा गाडीच्या दाराला टेकली.

"मी चार वर्षं का नाही आले, सांगू?" ती म्हणाली. "मुलगा दर ईदला म्हणायचा, चल, घर बघून येऊ. मीच नको म्हणायची. येईन, दार उघडीन, आणि वास नसला तर? तू बंद ठेवली होती तोवर आहे असं धरून मी तिथं जगले. वास एवढा टिकतो का गं, वेडे? तुलाही माहीत होतं, मलाही."

माझा जीव इतका भांड्यात पडला की त्याचा आवाज आला असेल. नऊ दिवस मी जिच्या रागाला भीत होते, ती चार वर्षं त्याच दाराला भीत होती.

मी म्हणलं, आपा, बसा आत. तिला पुढच्या सीटवर बसवलं, तिच्या नेहमीच्या जागी. मी मास्तरांच्या जागी बसले, पहिल्यांदाच. आणि ती डबी ओढली.

तिनं वाकून बघितलं. एक फाया उचलला, तळहातावर घेतला, मूठ मिटली, मी केलं होतं अगदी तसंच. नाकाशी नेला. मला वाटलं आता रडेल. ती हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढावा लागला.

"लबाड," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी विचारायची, जुना फाया कुठं टाकता? धोब्याकडच्या कपड्यांत निघतो, बिछान्यात निघतो. म्हणायचे, खिडकीतून फेकतो, तुझी शपथ."

मग आम्ही दोघी हसलो. मग थोडं रडलो, ते आलंच. सुनेनं चहा गाडीतच आणून दिला. आपानं टपाकडं बघितलं, आणि विचारलं, ती गोधडी कुठाय? मी म्हणलं, कुजली. मधला चांगला तुकडा तेवढा सुनेनं कापून, धुऊन मागच्या सीटवर अंथरलाय. आपानं मागं वळून तो बघितला. म्हणाली, "चार उन्हाळे गाडीला गोधडी. बिचारीला घामोळं आलं असेल." टाक्यांवर नवा रंग मात्र मारू दिला नाय. मी दोनदा म्हणाले. म्हणाली, राहू दे, तुझी सही आहे.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आपा परत भिंतीपलीकडं राहते. ती वीट आम्ही परत काढली, भाडेकरूनं बुजवली होती. गाडी अजून आमच्याच अंगणात आहे, पण नुसती. गोधडी नाय, ताडपत्री नाय, दर रविवारी चारी दारं उघडी. मिस्त्री महिन्यातून एकदा येतो, चालू करून बघतो, माझ्या हातचा चहा घेतो आणि हलक्या हाताचं काही बोलत नाय. गाडीची कागदं मुलानं नवी करून घेतली. मिस्त्री म्हणतो, खुलताबादपर्यंत आरामात जाईल, चढालाही दमणार नाय.

संध्याकाळी आम्ही दोघी गाडीत जाऊन बसतो. ती तिच्या जागी, मी स्टिअरिंगला धरून. बसल्या-बसल्या सगळीकडं जाऊन येतो. ती सांगते, आता वळण आलं, आता घाट, हळू घे. मी हॉर्न वाजवते. तो मात्र पहिल्यासारखाच आहे, गळा बसलेल्या कोंबड्यासारखा. सून दारातून म्हणते, आलात का खुलताबादहून?

आणि खरी अडचण तीच आहे, पोरी. आपाला गाडी चालवता येत नाय, मला येत नाय. मुलाला वाळूजच्या कंपनीतून रविवारचीच सुट्टी, आणि आपाला गुरुवारच पाहिजे. सून म्हणते शिकते, पण अजून फाटकाच्या पुढं गेली नाय. तेवढ्यात मला तुझी आठवण झाली, म्हणून हे सगळं लिहिलं. तुझी गाडी नको आणू. बसनं ये, पाटीवर आता संभाजीनगर लिहिलेलं असतं, ती बघून बस. बुधवारी ये, रात्री मी तुझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी करते. गुरुवारी सकाळी तू पुढं, आपा तुझ्या शेजारी, मी मागं गोधडीवर. येताना पेरू घेऊ. किल्ली देवघरात ठेवलीय, तुझी वाट बघत. लवकर ये गं, पुढच्या महिन्यावर नको टाकू.